सव्विसावा गडी

क्रिकेट कळणाऱ्या माणसाला बेसबॉल दहा मिनिटांत कळतो, असा आपल्याकडे समज आहे. मला तो पाचच मिनिटांत कळला. उरलेली पाच मिनिटे मी तो ऑफिसातल्या अमेरिकन सहकाऱ्यांना समजावून सांगण्यात घालवली. त्यांच्या घरात तीन-तीन पिढ्या हा खेळ चालत आलेला, त्यामुळे त्यांना माझे म्हणणे पटायला जरा वेळ लागला.

नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिल-केरी भागात आम्ही राहतो. इथे मराठी माणसे इतकी, की भाजीच्या दुकानात 'जरा सरकता का?' म्हटले तर तिघे सरकतात आणि चौथा 'तुम्ही मूळचे कुठले?' म्हणून विचारतो. क्रिकेटचे मैदान हाकेच्या अंतरावर. बेसबॉलच्या वाटेला जायचे मला काहीच कारण नव्हते. पण आमच्या ऑफिसात बारा जणांची एक फँटसी बेसबॉल लीग होती, तिच्यातला बारावा भिडू नोकरी सोडून डेन्व्हरला गेला, आणि लीगचा कमिशनर (हा एरवी आमच्या सर्व्हरचे बॅकअप सांभाळतो) जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आला. माझ्या आधी त्याने अख्खा मजला विचारून संपवला होता, हे मला पुष्कळ नंतर कळले. त्या वेळी मला वाटले, गुणांची पारख असलेला माणूस दिसतो.

फँटसी म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ. खेळाडू टेक्सासमध्ये होम रन मारतो आणि गुण मला मॉरिसव्हिलमध्ये मिळतात. घाम त्याचा, रक्तदाब माझा. आमची लीग तर जास्तच कडक. इथे खेळाडू वर्षानुवर्षे तुमच्याकडे राहतात आणि मुख्य संघात अजून न पोचलेली, मायनर लीगमध्ये खेळणारी पोरेही आधीच हेरून ठेवता येतात. थोडक्यात, संघ नव्हे, संस्थान चालवायचे. मी संस्थानाचे नाव ठेवले 'मॉरिसव्हिलचे मावळे'. थोडक्या बळानिशी बलाढ्य शत्रूला जेरीस आणायचे, हा विचार त्यामागे होता. पुढे थोडके बळ तेवढे जमले.

मराठी माणूस कशातही उतरला की आधी पुस्तक आणतो. मी मायकल लुइसचे 'मनीबॉल' आणले. ओकलंडच्या गरीब संघाने श्रीमंत संघांना आकडेमोडीच्या जोरावर कसे दमवले, त्याची ती 2003 सालची गोष्ट. अर्धे पुस्तक झाले तेव्हाच मला बाकीच्या अकरा जणांची कीव येऊ लागली. उरलेले अर्धे मग वाचलेच नाही. वाचण्यासारखे काही राहिले आहे असे वाटेना.

मला जे उमगले ते असे. बेसबॉलचा हंगाम म्हणजे सहा महिन्यांत 162 सामने. जवळजवळ रोज एक. इतके खेळल्यावर कोणाचा खांदा जातो, कोणाचे कोपर, कोणाच्या मांडीचा स्नायू. मैदानावर एका वेळी नऊ जण असतात, पण संघात 26 ठेवायची परवानगी असते, यादीत 40 जणांची नावे असतात, आणि त्यांतले बरेचसे मायनर लीगच्या गावी बॅग भरून फोनची वाट पाहत बसलेले असतात. तेव्हा संघाची खरी ताकद पहिल्या नऊ जणांत मोजायची नसते. ऑगस्टच्या उकाड्यात तिघे लंगडत घरी गेल्यावर, जो सव्विसावा गडी मैदानात येतो तो कोण आहे, यावर हंगाम ठरतो.

अटलांटा ब्रेव्ह्जचे 2021 चे उदाहरण मी तेव्हा भेटेल त्याला ऐकवत असे. त्यांचा हिरा रॉनल्ड अकुन्या जुलैत गुडघा मोडून बसला. संघ जेमतेम निम्मे सामने जिंकत होता. त्यांनी काय केले? जुलै संपायच्या आत दुसऱ्या संघांनी मोकळे केलेले चार आउटफिल्डर गोळा केले: पीडरसन, डुव्हॉल, सोलेर आणि रोसारिओ. कोणी मोठा नाही. एकाच्या गळ्यात मोत्यांची माळ होती, तेवढीच काय ती श्रीमंती. हंगामाअखेर त्यांचे विजय फक्त 88, त्या वर्षी बाद फेरीत पोचलेल्या संघांत सर्वांत कमी. आणि विश्वविजेते तेच. उपांत्य मालिकेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू रोसारिओ, अंतिम मालिकेचा सोलेर.

डेन्व्हरला गेलेल्या गृहस्थाकडून मला वारशाने दोन मोठे तारे मिळाले होते. मी लगेच बाजारात उतरलो. एक तारा दिला, पाच गडी घेतले. दुसरा दिला, आणखी पाच घेतले. ज्यांनी तारे घेतले त्या दोघांनी माझा हात हातात घेऊन कितीतरी वेळ हलवला. ऑफिसात इतक्या प्रेमाने माझा हात आजवर कोणी धरला नव्हता. एकाने तर दुसऱ्या दिवशी डोनट आणले.

माझी बायको औषधांच्या चाचण्यांच्या संख्याशास्त्रात काम करते. तिने यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारले, "हा संघ आहे की पुण्याच्या घरचा माळा? कधीतरी लागेल म्हणून ठेवलंय सगळं."

"याला खोली म्हणतात," मी म्हणालो.

"खोलीत निदान एक पंखा तरी असतो," ती म्हणाली.

खोली जमली. आता तिचा वापर करायचा होता, आणि तिथे प्लॅटून आले.

हे शास्त्र असे. उजव्या पिचरपुढे डावखुरा बॅटर जास्त चांगला खेळतो, डाव्या पिचरपुढे उजवा. चेंडू समोरच्या बाजूने सुटला की तो जास्त वेळ दिसतो, आणि वळणारा चेंडू आपल्याकडे आत येतो. त्याच बाजूचा पिचर असला की चेंडू पाठीमागून आल्यासारखा येतो आणि बाहेर पळतो. लेगस्पिनर पुढे असताना ज्याची बॅट हवेत फिरली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. म्हणून एकाच जागेसाठी दोन गडी ठेवायचे, एक डावा आणि एक उजवा, आणि समोर कोण चेंडू टाकतो ते बघून त्यांतला एक उतरवायचा.

हे काही आजचे नाही. 1914 साली जॉर्ज स्टॉलिंग्सचा बोस्टन ब्रेव्ह्ज जुलैच्या सुरुवातीला तळाला होता. त्याने आउटफिल्डमध्ये पिचर पाहून माणसे आलटून पालटून खेळवली, लीग जिंकली आणि अंतिम मालिकेत फिलाडेल्फियाला चार-शून्य धुतले. केसी स्टेंगलला तो खेळत असताना असेच अर्धे वापरले जाई आणि त्याचा त्याला राग येई. पुढे तो यँकीजचा मॅनेजर झाला तेव्हा त्याने तेच दुसऱ्यांना केले आणि 1949 ते 1953 सलग पाच वेळा विश्वविजेतेपद मिळवले. सासुरवास सोसलेली सून पुढे काय करते, ते आपल्याला ठाऊकच आहे. बाल्टिमोरचा अर्ल वीव्हर कोणता बॅटर कोणत्या पिचरपुढे कसा खेळला याच्या नोंदी कार्डांवर ठेवत असे. त्याच्याकडे जॉन लोवेन्स्टाइन डावा आणि गॅरी रेनिकी उजवा अशी जोडी होती. 1982 साली दोघांचे मिळून 45 होम रन झाले. दोन अर्ध्या पगारांत एक अख्खा महारथी!

मीही लेफ्ट फील्डसाठी अशी जोडी घेतली. एकाच खऱ्या संघातले दोघे, तिथला मॅनेजरही त्यांना आलटून पालटूनच खेळवायचा. मग सेकंड बेसवर जोडी, मग कॅचरची जोडी. दोन अर्धे मिळून एक होतो, हे चौथीतल्या मुलालाही येते. फक्त आज कोणता अर्धा, हे रोज सामना सुरू व्हायच्या आत ठरवायचे असते. सामना सुरू झाला की कुलूप.

त्यामुळे माझी संध्याकाळ म्हणजे वॉर रूम झाली. साडेसहाला खरे संघ आपापली यादी जाहीर करायचे, सातला सामने. मधल्या अर्ध्या तासात मी कोणाशी बोलत नसे. माझा एक डावखुरा तर चाळीसेक वेळा डाव्या पिचरपुढे उभा राहून फारच छान खेळला होता. म्हणून त्याला मी डाव्या पिचरपुढेही खेळवू लागलो. बायकोने मांडीवरच्या लॅपटॉपवरून नजर न उचलता सांगितले, की प्लॅटूनचा फायदा सगळ्या खेळाडूंचा मिळून पाहिला तर खरा आहे, पण अमुक एका माणसाला तो कमी आहे की जास्त, हे ठरवायला हजार-हजार वेळा बॅटिंग बघावी लागते.

"पण आकडे बोलतात," मी म्हणालो.

"चाळीसातले आकडे बोलत नाहीत, बोबडं बोलतात. आईलाच कळतं."

या पार्श्वभूमीवर सांगलीकरांकडचा सत्यनारायण आला.

सांगलीकर माझा जुना मित्र. नवे घर घेतले म्हणून शनिवारी संध्याकाळी पूजा ठेवली होती. गुरुजी आठवडाभर एका बँकेत सॉफ्टवेअर तपासतात आणि शनिवार-रविवार पूजा सांगतात, त्यामुळे त्यांची पोथी वेळेवर सुरू होते आणि एकही पायरी गाळली जात नाही. मी पुढच्या रांगेत मांडी घालून, झब्ब्याच्या खिशात फोन. पावणेसात झाले आणि खिसा थरथरला. समोरच्या संघाचा उजवा पिचर ऐनवेळी बाहेर, त्याच्या जागी डावा. माझा लेफ्ट फील्डचा डावखुरा यादीत बसलेला आणि त्याचा उजवा जोडीदार बाकावर.

चौथा अध्याय चालू होता. साधुवाण्याचे जहाज काठाला लागले आहे, नवरा आला हे ऐकून कलावती आनंदाने भान विसरली आहे, आणि प्रसाद तसाच टाकून ती बंदराकडे धावली आहे. नेमका त्याच क्षणी मी उठलो. "पाणी पिऊन येतो," असे वहिनींच्या कानात सांगून गॅरेजमध्ये गेलो, कारण सांगलीकरांच्या घरात नेटवर्क फक्त तिथेच धड येते. डावा काढला, उजवा घातला, कुलूप लागले. परत आलो तेव्हा गुरुजी कलावतीच्या नवऱ्यासकट बुडालेल्या जहाजाचे वर्णन करत होते आणि माझ्याकडे बघत होते.

पुढे झाले ते असे. समोरच्या संघाचा तो डावा पिचर खरा पिचर नव्हताच. हल्ली एक डाव निघाला आहे. 2018 च्या मे महिन्यात टँपा बे रेज संघाने सर्जिओ रोमो या शेवटच्या षटकांच्या माणसाला सामन्याच्या सुरुवातीला एकाच इनिंगपुरता आणला आणि मग मुख्य पिचर सोडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मिलवॉकीच्या क्रेग काउन्सेलने तर हद्द केली. डॉजर्सविरुद्ध वेड मायलीला, डावखुऱ्याला, सुरुवातीला उतरवले आणि एकाच बॅटरनंतर काढून उजव्या ब्रँडन वुडरफला आणले. समोरच्याने डाव्या पिचरसाठी म्हणून जी फौज सजवली असेल ती सगळी वाया जावी, हा हेतू. (तो सामना मिलवॉकीने गमावला. पण हेतू किती सुंदर!) माझ्या वाट्याला त्याचीच आवृत्ती आली. डावा पिचर एक इनिंग टाकून गेला, उजवा आला. खऱ्या मॅनेजरने माझ्या उजव्याला एका बॅटिंगनंतर बसवले आणि त्याच्या जागी डावखुऱ्याला पाठवले. म्हणजे माझ्याच बाकावरच्या डावखुऱ्याला. त्याने दुसऱ्याच चेंडूवर होम रन मारला. तो होम रन आजही कोणाच्याच खात्यावर नाही.

कलावतीचे जहाज निदान प्रसाद घेतल्यावर देवाने वर काढले. मी शिरा दोनदा घेतला, काही उपयोग झाला नाही.

या शास्त्राचा कळस बघायचा तर पॅट व्हेंडिटी बघावा. हा दोन्ही हातांनी पिच करायचा. त्याच्या हातमोज्याला सहा बोटे होती, म्हणजे तो कोणत्याही हातात घालता येई. 2008 साली मायनर लीगच्या एका सामन्यात त्याच्यापुढे राल्फ हेन्रिकेझ नावाचा, दोन्ही बाजूंनी बॅटिंग करणारा खेळाडू आला. हेन्रिकेझ उजवीकडे उभा राहिला, व्हेंडिटीने मोजा बदलला. हेन्रिकेझ डावीकडे गेला, व्हेंडिटीने मोजा पुन्हा बदलला. 'पहिले आप, पहिले आप' करत चेंडूविना कितीतरी मिनिटे गेली. शेवटी पंचांनी खल केला, आणि पुढे नियमच आला: कोणत्या हाताने टाकणार ते पिचरने आधी सांगायचे. एका माणसामुळे खेळाचा नियम लिहावा लागला, याबद्दल मला त्या गृहस्थाचा फार हेवा वाटला होता.

प्लॅटूनमधून मन उडाल्यावर मी भविष्याकडे वळलो.

बेसबॉलमध्ये भविष्य ओळखणाऱ्याला फार मान. दरवर्षी ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ पाळीपाळीने नवी पोरे निवडून घेतात. 1965 पासून चाललेला हा प्रकार आता 20 फेऱ्यांचा आहे, पूर्वी फेऱ्या कितीतरी जास्त असत. त्यात मोठमोठ्या तज्ज्ञांची काय दैना होते ते पाहावे. 1966 साली न्यूयॉर्क मेट्सने पहिल्या क्रमांकावर स्टीव्ह चिलकॉट नावाचा कॅचर घेतला. तो मुख्य लीगमध्ये एकही सामना खेळू शकला नाही. दुसऱ्या क्रमांकावर ओकलंडने (तेव्हाच्या कॅन्सस सिटीने) रेजी जॅक्सन घेतला, त्याने 563 होम रन मारले. 2013 चा पहिला, ह्यूस्टनचा मार्क अपेल, खेळ सोडून घरी गेला, परत आला आणि शेवटी तिशीत, 2022 साली, मुख्य लीगमध्ये चेंडू टाकला. उलट 1988 साली डॉजर्सने 62 व्या फेरीत, 1390 वा म्हणून एक पोरगा घेतला, तोही मॅनेजर टॉमी लासोर्डाची त्याच्या वडिलांशी दोस्ती होती म्हणून. भिडेखातर घेतलेला तो माइक पियाझा 2016 साली हॉल ऑफ फेममध्ये गेला. बेसबॉलमध्ये वशिल्याचे तट्टू असे कधीकधी शर्यत जिंकून येते. आणि खुद्द 'मनीबॉल'चा नायक बिली बीन? 1980 साली मेट्सने त्याला पहिल्या फेरीत घेतले. उंच, चपळ, देखणा. जुन्या स्काउटांचा, म्हणजे पोरे हेरत हिंडणाऱ्यांचा, 'चांगल्या चेहऱ्या'वर फार विश्वास असे. चांगल्या चेहऱ्याने कारकिर्दीत एकूण तीन होम रन मारले.

असल्या चुका मी करणार नव्हतो.

डरहॅमला बुल्स हा टँपा बे रेजचा ट्रिपल-ए संघ आहे, मुख्य लीगच्या एक पायरी खाली. आमच्या घरापासून गाडीने फार वेळ लागत नाही. मी होम प्लेटच्या मागचे तिकीट काढले, स्टॉपवॉच घेतले, पक्षी बघायची दुर्बीण घेतली, आणि एका वहीत रकाने आखले. स्काउट लोक 20 ते 80 या मापाने मोजतात. 50 म्हणजे मुख्य लीगचा सरासरी, 60 चांगला, 80 म्हणजे पिढीत एखादा. पाच गोष्टी मोजायच्या: फटक्याची जाण, ताकद, धाव, फेक आणि क्षेत्ररक्षण. हे माप मला इतके आवडले होते की आदल्या आठवड्यात मी सगळ्यांनाच गुण देत सुटलो होतो. सांगलीकरांच्या गॅरेजला मी नेटवर्कसाठी 65 दिले. बायकोने एका कागदावर माझे गुण लिहून फ्रिजवर लावले. 'ऐकून घेणे' याला 20 होते, कारण त्या मापात त्याच्या खाली जाता येत नाही.

मैदानात लेफ्ट फील्डच्या उंच निळ्या भिंतीवर एक अवाढव्य बैल आहे. होम रन झाला की त्याचे डोळे लाल होतात, शेपूट हलते आणि नाकपुड्यांतून धूर निघतो. त्याच्यावर पाटी: बैलाला चेंडू लागला तर स्टेक मिळेल, खालच्या गवताला लागला तर सॅलड. शाकाहारी माणसाला नेम जरा खाली धरायला सांगणारे हे जगातले एकमेव मैदान असावे.

माझ्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. गुडघ्यावर छोटी वही, हातात घड्याळ, गालात सूर्यफुलाच्या बिया. एकटेच आलेले दिसले, म्हणून मी सोबत दिली. सामन्याआधीच्या सरावात पाहुण्या संघाचा एक धिप्पाड फर्स्ट बेसमन चेंडूमागून चेंडू निळ्या भिंतीपार टोलवत होता. सहा फूट पाच इंच, खांदे दाराएवढे, हनुवटी नाण्यावर छापावी अशी. मी ताकदीला 70 लिहिले. गृहस्थ बियांची टरफले कागदी पेल्यात टाकून एवढेच म्हणाले, "तो पाच वाजताचा बॅटर आहे." मी लिहिले: पहाटे पाचला उठतो. शिस्त 70. सरावात पाच वाजता मारणारा आणि सामन्यात सात वाजता आउट होणारा, अशा माणसाला ते लोक तसे म्हणतात, हे ज्ञान मला ऑफिसात कमिशनरकडून मिळाले, पण तोवर वहीतली शाई वाळली होती.

धाव मोजायचे तंत्र सोपे आहे. बॅटला चेंडू लागला की घड्याळ चालू, पाय पहिल्या बेसला लागला की बंद. उजव्या हाताच्या बॅटरला 4.3 सेकंद लागले तर 50 गुण, डावखुरा बेसच्या एक पाऊल जवळ असतो म्हणून त्याला 4.2. माझ्या घड्याळावर बुल्सचा शॉर्टस्टॉप 2.9 सेकंदांत पोचला. अशी धाव ऑलिंपिकमध्येही कोणाला जमली नसती, म्हणून मी त्याला 80 दिले. पाहुण्यांच्या कॅचरला 11 सेकंद लागले. मधे मी पॉपकॉर्नचे पैसे देत होतो हे खरे, पण मग त्यानेही तेवढे थांबायला हवे होते. त्याला 20.

मी शेजारच्या गृहस्थांना 20-80 चे माप समजावून दिले. चिलकॉट आणि रेजी जॅक्सनची गोष्ट सांगितली. क्रिकेटमधला लेगस्पिन सांगितला. हातात पॉपकॉर्नचा दाणा धरून मनगट कसे वळते तेही दाखवले. भारतातूनही इथे पिचर आले आहेत हे त्यांना ठाऊक असावे म्हणून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेकपटूंची हकीगत ऐकवली, उत्तर प्रदेशातल्या त्या दोन पोरांना एका टीव्ही स्पर्धेतून हेरून 2008 साली पिट्सबर्गने कसे करारबद्ध केले ते. गृहस्थ शांतपणे ऐकत होते, पण डोळे पाहुण्यांच्या त्या कॅचरवर. तो तीनदा स्ट्राइकआउट झाला. प्रत्येक वेळी त्याच्या मागे त्यांची नजर डगआउटपर्यंत जायची.

"तो तर आउट झाला," मी समजावले.

"हो," ते म्हणाले. "आउट होऊन परत गेल्यावर काय करतो ते बघतोय."

मी दुर्बिणीतून पाहिले. कॅचर हेल्मेट नीट ठेवून पिचरशेजारी बसला होता, हातवारे करून काहीतरी समजावत होता. आमच्या वहीत या गोष्टीसाठी रकानाच नव्हता. पाहुण्यांचा पिचर बदलला तसे गृहस्थ घड्याळ खिशात टाकून उठले. बाहेर पडताना पार्किंगमध्ये मला ते पुन्हा दिसले. गळ्यातल्या कार्डावर मुख्य लीगच्या एका क्लबचे बोधचिन्ह होते. माझ्या माहितीचा त्यांना नक्कीच उपयोग झाला असणार.

मी अर्थातच नाणेछाप हनुवटी उचलली. तिला जागा करण्यासाठी कॅचरच्या जोडीतला एक सोडला. पाहुण्यांचा तो शांत कॅचर सप्टेंबरमध्ये, मुख्य संघाची मर्यादा 26 वरून 28 होते तेव्हा, वर आला आणि टिकला. तो आता डोनटवाल्याच्या संघात आहे. माझा धिप्पाड गडी ट्रिपल-एमध्ये पुढेही रोज पाच वाजता चेंडू भिंतीपार मारत राहिला आणि नंतर कोरियात खेळायला गेला. तिथे सामने किती वाजता असतात, याची मी चौकशी करतो आहे.

हंगामाअखेर मावळे बाराव्या क्रमांकावर आले. लीग बारा संघांचीच असल्यामुळे याहून खाली जाता येत नव्हते. इतर लोक याला पराभव म्हणतात. ह्यूस्टनच्या संघाने 2011, 2012 आणि 2013 या तिन्ही वर्षांत शंभरावर सामने गमावले, तळाला राहून वरचे ड्राफ्ट क्रमांक घेतले आणि 2017 साली विश्वविजेतेपद मिळवले. पुढे प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरून कचऱ्याचा डबा बडवल्याचे एक प्रकरण निघाले, ते सोडा. मुद्दा असा, की तळाला राहणे हे धोरण असू शकते. कमिशनरला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "धोरण असायला तसं ठरवून व्हावं लागतं."

दरम्यान ऑफिसच्या सहलीत सॉफ्टबॉलचा सामना झाला. यादी कमिशनरनेच केली होती. सगळ्यांची नावे जागांसह, आणि सर्वांत खाली, एक ओळ मोकळी सोडून, माझे. पुढे लिहिले होते: 'खोली.' मी संपूर्ण सामना हातमोजा घालून, बुटांच्या नाड्या घट्ट बांधून, कुंपणाशी उभा राहिलो. कोणाचाही स्नायू दुखावला नाही. पण दुखावला असता तर? आमच्या संघात तेवढा एकच विभाग परिपूर्ण होता.

मग लीगची वार्षिक बैठक झाली आणि तीन ठराव एकमताने आले. एक, बाकावर ठेवायच्या खेळाडूंची संख्या निम्म्यावर. दोन, संघातली रोजची अदलाबदल बंद, यापुढे आठवड्यातून एकदाच, कारण मी केलेल्या बदलांच्या सूचना बाकी अकरा जणांच्या फोनवर वाजत होत्या. तीन, शेवटच्या क्रमांकाला पहिला ड्राफ्ट आपोआप मिळायचा नाही, चिठ्ठ्या काढायच्या. मुख्य लीगनेही 2023 च्या ड्राफ्टपासून अशी सोडत सुरू केली आहे, पण तिला त्यासाठी अनेक संघांची अनेक वर्षांची करणी लागली. व्हेंडिटीच्या नावावर एक नियम आहे. माझ्या नावावर तीन, तेही पहिल्याच हंगामात. मी सर्वांचे आभार मानले.

तिसरा नियम पुढच्या वर्षीपासून लागू आहे, त्यामुळे यंदा पहिला क्रमांक माझाच. बायकोने रात्री दोन तास बसून कॉलेजच्या आकड्यांवरून पाच नावे काढून दिली, प्रत्येकापुढे विश्वासार्हतेची टक्केवारी लिहून. मी ती जपून ठेवली आहेत. पण खरे सांगायचे तर माझी निवड झाली आहे. कॅलिफोर्नियाचा पोरगा आहे, सरावाचा व्हिडिओ पाहिला. सहा फूट चार इंच, आणि चेहरा तर इतका चांगला आहे, इतका चांगला, की आकडे बघायची गरजच वाटली नाही.